आधी माणसे मोजा, मग गाडी घ्या

(आपल्या सामुदायिक रेडिओवर बचत गटांच्या कार्यक्रमात झालेले भाषण. बोलण्याच्या ओघात जसे आले तसे छापले आहे.)



मी माण तालुक्यातल्या एका वाडीवरून बोलते आहे. आमच्याकडे पाऊस कमी आणि घरातले पुरुष मुंबईला किंवा गलाईच्या धंद्यावर परमुलखात. मागे राहतो आपण बाया, शाळेतली पोरे आणि म्हातारी माणसे. म्हातारे माणूस आजारी पडले की त्याला दवाखान्यात न्यायचे काम सुनेच्या वाट्याला येते. तुमच्याकडेही असेच असेल.

आज मला रुग्णांना दवाखान्यात नेण्या-आणण्याच्या धंद्याविषयी बोलायला सांगितले आहे. आमच्या गटाने हा धंदा केला, आजही करतो. त्यातले जमलेले सांगते आणि चुकलेलेही सांगते. चुकलेले जरा जास्त सांगते, कारण त्याचेच पैसे आम्ही मोजले आहेत.

सुरुवात माझ्या सासूबाईंपासून झाली. त्यांच्या दोन्ही किडन्या गेल्या होत्या. आठवड्यातून तीन दिवस, सोमवार, बुधवार, शुक्रवार, साताऱ्याला डायलिसिस. आमच्या वाडीपासून जाऊन-येऊन दीडशे किलोमीटर. डायलिसिस सरकारी योजनेतून होत होता, एक रुपया लागत नव्हता. पण साताऱ्याला पोचायचे कसे? एसटीत सवलत आहे, पण एसटी धरायला वाडीवरून फाट्यापर्यंत तीन किलोमीटर चालत जायचे. जाताना एकवेळ जमते. चार तास मशीनवर पडून उठलेले माणूस परत येताना उभेही राहू शकत नाही. म्हणून आम्ही गावातली एक जीप ठरवली होती. उपचार फुकट आणि वाट विकत, असा तो हिशोब.

एका शुक्रवारी जीप आली नाही. लग्नसराई होती, जीप वऱ्हाड घेऊन गेली. मालकाला मी दोष देत नाही, वऱ्हाडाचे भाडे दुप्पट. पण आमचा शुक्रवार चुकला. शनिवारी रात्री सासूबाईंना दम लागला, पाय सुजले, आडवे होता येईना. १०८ ला फोन केला, गाडी आली, त्या वाचल्या. पण ती रात्र माझ्या डोक्यातून गेली नाही. पुढच्या बैठकीत मी एवढेच म्हटले की, शुक्रवारी येते म्हणाली तर शुक्रवारी येणारी एक गाडी आपल्या भागात पाहिजे.

सगळ्याजणी लगेच म्हणाल्या, मग अॅम्ब्युलन्स घेऊया. लाल दिवा, सायरन, बाजूला गटाचे नाव. शोरूममधून दरपत्रकही आणले. आमच्यातल्या एक आत्याबाई आहेत, शाळा दुसरीपर्यंत, पण हिशोबाला पक्क्या. त्या म्हणाल्या, "अगं, शेळी घेताना आपण दात बघतो. इथं आठ लाख घालताय आन् बसणार कोण ते माहीत नाही?"

त्या एका वाक्याने आमचे पैसे वाचले. आज तुम्हाला दुसरे काही लक्षात राहिले नाही तरी चालेल, आत्याबाईंचे हे वाक्य लक्षात ठेवा. आधी माणसे मोजा, मग गाडी घ्या.

आम्ही मोजली. सात वाड्या, १९४ घरे. दोघी-दोघींच्या जोड्या केल्या आणि पंधरा दिवस फिरलो. आशाताईंकडे रुग्णांची यादी मागितली नाही. कुणाला काय आजार आहे हे सांगणे त्यांच्याही हातात नसते, आणि ते बरोबरही नाही. आम्ही घरोघरी बसून विचारले. गेल्या तीन महिन्यांत घरातले कोणी दवाखान्यात गेले का? कुठे? कशाने गेले? गाडीला काय दिले? बरोबर कोण गेले आणि त्याचा किती दिवसांचा रोजगार बुडाला?

अशी ३८ माणसे निघाली. तिघांचा डायलिसिस होता. काही कॅन्सरचे, औषधाला किंवा शेक घ्यायला जाणारे. शेक म्हणजे रेडिएशन. तो लागला की आठवड्यातले पाच-पाच दिवस, कित्येक आठवडे सलग जावे लागते. काहींना अर्धांगवायू झाला होता, त्यांना व्यायामाला न्यायचे होते. कुणाचे मोतीबिंदूचे ऑपरेशन, कुणाची मोडलेल्या हाडाची फेरतपासणी, कुणी अपंगत्वाच्या दाखल्यासाठी. या ३८ पैकी ३३ माणसे बसून जाऊ शकत होती. तिघांनाच झोपवून न्यावे लागले होते. आणि दोघे एकदम अत्यवस्थ होते, ते १०८ ने गेले.

म्हणजे आम्ही जी अॅम्ब्युलन्स घेणार होतो ती लागत होती तिघांना. बाकी ३३ जणांना हवी होती वेळेवर येणारी, हळू चालणारी, हात धरून बसवणारी साधी गाडी.

इथे जरा थांबून सरकारी गाड्यांचे सांगते, कारण पुष्कळ गटांचा घोटाळा इथेच होतो. १०८ ही सेवा महाराष्ट्रात २०१४ साली सुरू झाली, तेव्हा राज्यात ९३७ गाड्या होत्या. अपघात, छातीत दुखणे, सर्पदंश, कुठलीही तातडी असली की ही गाडी फुकट येते आणि तिच्यात डॉक्टर असतो. १०२ ही बाळंतिणीची आणि लहान बाळांची. जननी-शिशु सुरक्षा कार्यक्रम २०११ पासून आहे. त्यात गरोदर बाईला घरून सरकारी दवाखान्यात नेणे, तिथून पुढे मोठ्या दवाखान्यात पाठवले तर तिथे नेणे आणि बाळंत झाल्यावर घरी सोडणे, सगळे फुकट आहे. वर्षाच्या आतल्या आजारी बाळालाही ते लागू आहे. तेव्हा बाळंतिणीकडून भाडे घ्यायचा विचार गटाने मनातही आणू नये. तिला १०२ चा नंबर द्यायचा, फोन लावून द्यायचा.

मग आपले काम कुठले? तातडी नाही, पण जावे तर लागतेच, आणि पुन्हा पुन्हा जावे लागते, अशा माणसांचे. त्यांना कुठलाही फुकटचा नंबर नाही. ती जागा मोकळी आहे आणि आपला धंदा तिथेच आहे.

डॉक्टर मंडळी बाळंतपणातल्या मृत्यूंविषयी बोलताना तीन उशीर सांगतात. पहिला, घरात निर्णय घ्यायला झालेला. दुसरा, वाटेत झालेला. तिसरा, दवाखान्यात पोचल्यावर उपचार मिळायला झालेला. मला वाटते इतर आजारांनाही हे लागू आहे. आमच्या गाडीने दुसरा उशीर कमी झाला हे उघड आहे. पण पहिलाही कमी झाला. "गाडीचे काय करायचे, बघू पुढच्या आठवड्यात" असे म्हणत जे घरी बसायचे, ते गाडीचा दिवस आणि भाडे ठरलेले असल्यामुळे निघायला लागले.

आता गाडी कुठली घ्यायची ते बघू. दोन वाटा आहेत.

पहिली वाट रुग्णवाहिकेची. तिची नोंदणीच रुग्णवाहिका म्हणून होते. तिला प्रवासी वाहतुकीचा परवाना काढावा लागत नाही, मोटार वाहन कायद्यात तशी सूट आहे. पण मग तिच्यात फक्त रुग्णच न्यायचे. रुग्णवाहिकेचे सरकारने वर्ग ठरवले आहेत. बी वर्ग म्हणजे नुसती रुग्ण नेणारी, सी म्हणजे प्राथमिक जीवरक्षक सोयींची, डी म्हणजे प्रगत सोयींची. कुठल्याही व्हॅनमध्ये बाकडे टाकून वर दिवा लावला की ती रुग्णवाहिका होत नाही.

दुसरी वाट पिवळ्या पाटीच्या प्रवासी गाडीची. तिला परवाना लागतो, पासिंग लागते. पण तिच्यात बसून जाणारे रुग्ण नेता येतात, आणि मोकळ्या दिवशी दुसरे भाडेही मारता येते. आमचे ३३ जण बसून जाणारे, म्हणून आम्ही सात आसनांची व्हॅन घेतली. तुमच्या भागात मोजणी वेगळी निघाली तर तुमची गाडीही वेगळी असेल.

एक गोष्ट मात्र कुणीही करू नका. घरची पांढऱ्या पाटीची गाडी भाड्याने चालवू नका. "आपलीच माणसं आहेत, कोण विचारतंय" असे वाटते. अपघात झाला की विमा कंपनी पहिला तोच प्रश्न विचारते. खाजगी गाडीत भाडे घेऊन माणसे बसवली असे दिसले तर भरपाई अडते, आणि मग रुग्णही अडचणीत, गटही अडचणीत. आणि परवान्याची गाडी असली तरी वाटेत हात दाखवील त्याला बसवायचे नाही, तसा तो परवाना नसतो. ज्या घरांनी मिळून गाडी ठरवली आहे तेवढीच माणसे. चालकाचा परवाना, बॅज, पासिंग, विमा, पीयूसी, हे सगळे आरटीओ कार्यालयात स्वतः जाऊन विचारा. आम्ही चौघी गेलो होतो. एजंट सांगतो त्यातले निम्मे त्याच्या सोयीचे असते.

आता पैशाचे बोलू. वही-पेन जवळ असेल तर घ्या. हे आकडे समजायला सोपे जावेत म्हणून गोल केले आहेत. तुमच्या भागातले भाव तुम्ही घाला.

गाडी, विमा, परवाना, घडीची चाकाची खुर्ची, सगळे धरून ८ लाख. त्यातले २ लाख ग्रामसंघाचे आणि आपल्या बचतीचे. ६ लाख कर्ज, पाच वर्षांचे. साडेदहा टक्क्यांनी हप्ता येतो सुमारे १२,९०० रुपये. चालकाचा पगार १४,०००. विमा वर्षाला ३०,००० धरला तर महिन्याला २,५००. टायर, ऑइल, दुरुस्ती यांसाठी महिन्याला ४,००० बाजूला. फोन घेणाऱ्या ताईचे मानधन आणि साफसफाईचे सामान मिळून ४,०००. झाले किती? ३७,४००.

हा आमचा उभा खर्च. म्हणजे गाडी दारात उभी राहिली तरी महिन्याला ३७,४०० रुपये लागणारच. पेट्रोल यात नाही.

पेट्रोल १०५ रुपये आणि गाडी लिटरला १४ किलोमीटर धरली, तर किलोमीटरला साडेसात रुपये. साताऱ्याची फेरी दीडशे किलोमीटर, म्हणजे १,१२५ रुपयांचे पेट्रोल.

आता जमा. डायलिसिसचे तीन रुग्ण, प्रत्येकी ९०० रुपये. फेरीचे २,७०० आले, पेट्रोल जाऊन उरले १,५७५. महिन्यात अशा १३ फेऱ्या. २०,४७५ रुपये.

बाकीच्या दिवशी साताऱ्याच्या आठ फेऱ्या, २,४०० रुपये भाड्याच्या. पेट्रोल जाऊन प्रत्येकी १,२७५. म्हणजे १०,२००.

तालुक्याच्या दवाखान्यात चाळीस किलोमीटरच्या १५ फेऱ्या, ५०० रुपयांच्या. पेट्रोल जाऊन २०० उरतात. म्हणजे ३,०००.

एकूण ३३,६७५. आणि खर्च ३७,४००. महिन्याला ३,७२५ रुपये तोटा!

आम्ही पहिल्यांदा हा हिशोब मांडला तेव्हा बैठकीत कुणी बोलेचना. पण कागदावरचा तोटा बरा, गाडी दारात आल्यावर कळलेला वाईट. मग आम्ही महिन्याची चार साधी भाडी धरली. शिंगणापूरला दर्शन, सेवागिरी महाराजांच्या यात्रेला पुसेगाव, कुणाचा साखरपुडा. त्यांचे ५,१०० आले. आता उरतात १,३७५ रुपये. महिन्याला. दहाजणींच्या गटात वाटले तर माणशी १३७ रुपये ५० पैसे. एवढ्यासाठी कशाला खटाटोप, असे म्हणून कुणी रेडिओ बंद केला असेल, तर मी समजू शकते.

पण तीन गोष्टी बघा. हप्ता पाच वर्षांनी संपतो. चालकाचा आणि फोनवाल्या ताईचा पगार आपल्याच घरात येतो. आणि कर्ज स्वस्त मिळाले तर चित्र बदलते. केंद्र सरकारची आजीविका ग्रामीण एक्स्प्रेस योजना २०१७ साली सुरू झाली. तिच्यात गटातल्या बाईला गाडीसाठी समुदाय गुंतवणूक निधीतून साडेसहा लाखांपर्यंत बिनव्याजी कर्जाची तरतूद आहे. ती आपल्या प्रभागात मिळते का, हे उमेदच्या प्रभागसंघात विचारा. बिनव्याजी ६ लाख मिळाले तर हप्ता १०,००० वर येतो आणि महिन्याला २,९०० वाचतात. मुद्रा कर्जाचेही बँकेत विचारा, त्यात प्रवासी गाड्या बसतात.

आता या हिशोबातले सगळ्यात अवघड सांगते.

आमच्या पहिल्या तीन रुग्णांत माझ्या सासूबाई होत्या. गाडी सुरू झाल्यावर त्यांचा एकही वार चुकला नाही. पुढच्या सीटवर बसायच्या, कोरेगाव आले की मला म्हणायच्या, "आता निम्म्याच्या वर आलो." त्या दीड वर्ष जगल्या. मग गेल्या. तेरावे झाले आणि दुसऱ्या दिवशी मी वही उघडली. महिन्याच्या जमेतून ११,७०० रुपये कमी झाले होते. माझ्याच हाताने मी ते लिहिले.

बायांनो, या धंद्यात गिऱ्हाईक म्हणजे आजारी माणूस आहे. तो बरा झाला तरी आकडा कमी होतो आणि गेला तरी कमी होतो. दुधाच्या धंद्यासारखे आज एक घर सुटले, उद्या दुसरे लागले, असे होत नाही. तीन रुग्णांचे दोन झाले की काय करायचे? उरलेल्या दोघांकडून १,३५० घ्यायचे? त्यांना ९०० च जड होते. गाडी बंद करायची? मग त्या दोघांचा शुक्रवार कोण सांभाळणार?

आम्ही भाडे ९०० च ठेवले आणि तीन महिने पदरचे घातले. चौथ्या महिन्यात शेजारच्या गावातला एक रुग्ण जोडला गेला. पण ते तीन महिने आमच्या तोंडचे पाणी पळाले होते, कारण आमच्याकडे राखीव फक्त ४०,००० होते. आता मी प्रत्येक गटाला सांगते, तीन महिन्यांचा उभा खर्च, आमच्या हिशोबात १,१२,२००, बाजूला असल्याशिवाय गाडीची चावी हातात घेऊ नका. तो पैसा म्हणजे तुमचा शब्द. तो नसला तर तुमची गाडीही एक दिवस वऱ्हाड घेऊन जाईल.

वारांचेही सांगते. आमचे तीन रुग्ण सुरुवातीला वेगवेगळ्या वारी जायचे. आम्ही डायलिसिस विभागातल्या सिस्टरना भेटलो, तिघे एका गाडीने येणार आहेत, एकाच वारी आणि एकाच वेळी घेता येतील का, असे विचारले. जागा मोकळी होईल तसे त्यांनी जुळवून दिले. ते जुळले नसते तर हा धंदा उभाच राहिला नसता. गाडी घेण्याआधी हे विचारा. आणि अजून एक विचारा, हाच उपचार आपल्याला याहून जवळ मिळतो का? मिळत असेल तर रुग्णाला आधी ते सांगा. आपली फेरी गेली तरी चालेल.

आता दुसरी चूक सांगते. पहिल्याच वर्षी श्रावणात रात्री अकराला भावकीतल्या एका काकांना दम लागला. घरचे म्हणाले, "आपली गाडी दारात असताना १०८ ची वाट कशाला बघायची?" आमचा चालक घरचाच पोरगा. त्याला नाही म्हणवेना. मला विचारले तर मीही जा म्हणाले. पुसेगावच्या अलीकडे काकांचे ओठ निळे पडले. गाडीत ऑक्सिजन नाही, त्यातले कळणारे कोणी नाही. पोराने वाटेतून १०८ ला फोन लावला. त्यांच्या सांगण्यावरून जवळच्या एका दवाखान्यात थांबवले, तिथे ऑक्सिजन लागला आणि तिथून १०८ ने पुढे नेले. काका वाचले. पण डॉक्टर आम्हाला म्हणाले ते लक्षात राहिले, "घरूनच फोन केला असता तर ऑक्सिजन एवढा वेळ थांबला नसता."

दुसऱ्या दिवशी आम्ही कागद लिहून गाडीत समोर चिकटवला. छातीत दुखणे, दम लागणे, बेशुद्ध होणे, झटके, तोंड वाकडे होणे किंवा एक बाजू लुळी पडणे, रक्त थांबत नसणे, साप-विंचू, भाजणे, अपघात, बाळंतकळा. यातले काहीही असेल तर आपली गाडी नाही. आधी १०८, कळा असतील तर १०२ किंवा १०८. फोन आपण लावायचा, सगळा पत्ता आपण सांगायचा, गाडी येईपर्यंत रुग्णाजवळ बसायचे. आणि १०८ लांब असेल, वाटेत भेटा असे त्यांनीच सांगितले, तर त्यांच्या सांगण्याप्रमाणे निघायचे. आपल्या मनाने नाही. नाही म्हणायला जड जाते, भावकीत तर फारच. म्हणून ते कागदावर पाहिजे. कागद सगळ्यांना सारखा.

गाडीत काय ठेवायचे? चाकाची खुर्ची, दोन चादरी, एक रबरी शीट, उलटीच्या पिशव्या, हातमोजे, मास्क, स्वच्छ गॉज, लघवीचे भांडे आणि जंतुनाशक. रोज संध्याकाळी गाडी धुवायची. रक्त सांडले असेल तर हातमोजे घालून पुसायचे आणि ब्लीचिंगच्या पाण्याने जागा साफ करायची. खोकल्याचा रुग्ण आणि कॅन्सरचे औषध चालू असलेला रुग्ण एका गाडीत बसवायचे नाहीत, कारण त्या दुसऱ्याची प्रतिकारशक्ती कमी झालेली असते. बाई रुग्ण असेल आणि बरोबर घरची बाई नसेल तर गटातली एकजण जाते. वाटेत स्वच्छ संडास कुठे आहेत हे चालकाला पाठ पाहिजे. ही बारीक गोष्ट वाटते, पण कितीतरी बाया जायला नको म्हणतात त्याचे खरे कारण हेच असते.

डायलिसिसच्या माणसाचे थोडे वेगळे. ज्या हाताला फिस्टुला केलेला असतो तो हात धरून ओढायचा नाही, त्यावर भार द्यायचा नाही. परतीच्या वाटेत सुईच्या जागेतून रक्त आले तर स्वच्छ गॉज ठेवून बोटाने घट्ट दाबून धरायचे, हात वर ठेवायचा, आणि थांबले नाही तर १०८. उठताना चक्कर येते, म्हणून आधी बसवायचे, मग उभे करायचे. आणि मायेने नारळपाणी पाजू नका. आपल्याला ते औषध वाटते, पण त्यात पोटॅशियम असते आणि किडनी गेलेल्या माणसाला ते घातक ठरते. पाणीसुद्धा डॉक्टरांनी मोजून दिलेले असते.

दोन व्यवहार तेवढे सांगते आणि थांबते.

पहिला उधारीचा. आजारी माणसाकडे पैसे मागायला जीभ रेटत नाही. पहिल्या सहा महिन्यांत आमची उधारी इतकी वाढली की हप्ता थकायची वेळ आली. मग आम्ही वेगळा रुग्ण निधी काढला. गटातली प्रत्येकजण महिन्याला २० रुपये घालते, कुणी बारशाला, वाढदिवसाला घालते. ज्याला परवडत नाही त्याचे भाडे निधीतून गाडीच्या खात्यात भरायचे. म्हणजे माणूस फुकट गेला तरी गाडीला तिचे पैसे मिळतात. दया निधीतून करायची, गाडीच्या गल्ल्यातून नाही.

दुसरा कमिशनचा. गाडी सुरू होऊन दोन महिने झाले नाहीत तोच एका दवाखान्याचा माणूस येऊन म्हणाला, आमच्याकडे पेशंट आणा, दर पेशंटला इतके देतो. आमचे त्या महिन्यात १,३७५ सुद्धा उरले नव्हते. मोह झाला, खोटे कशाला बोलू. पण तो पैसा येतो कुठून? रुग्णाच्या बिलातून. ज्याचा उपचार महात्मा फुले जनआरोग्य योजनेत फुकट झाला असता त्याला आपण बिलाच्या दारात नेऊन सोडायचे आणि वर त्यात वाटा घ्यायचा? आम्ही नाही म्हटले. आता गाडीत बसतानाच चालक विचारतो, रेशन कार्ड घेतले का, आधार घेतले का, जुने रिपोर्ट घेतले का. योजनेतल्या दवाखान्यात आरोग्यमित्र बसतो, त्याच्याकडे आधी जायचे, हेही तोच सांगतो.

तर मैत्रिणींनो, तुमच्या पुढच्या बैठकीत गाडीच्या रंगावर चर्चा करू नका. पाच प्रश्न विचारा. आपल्या भागात किती माणसांना पुन्हा पुन्हा दवाखान्यात जावे लागते? त्यातले बसून किती, झोपून किती? त्यांचे वार जुळतात का? उभा खर्च तीन महिने आपण पदरचा घालू शकतो का? आणि कुणाला नाही म्हणायचे ते कागदावर लिहिले आहे का? उत्तरे मिळाली तर घ्या गाडी. नाही मिळाली तर अजून एक महिना फिरा, काही बिघडत नाही. मोजणी करून गाडी घ्यायची नाही असे ठरले तरी ते पंधरा दिवस वाया जात नाहीत. कुणाच्या घरात कोण किती दिवस खाटेवर आहे, हे आम्हाला त्या पंधरा दिवसांतच पहिल्यांदा कळले.

आज बुधवार. आमची गाडी पहाटे साडेपाचला निघाली आहे. चौघे आहेत आता. संध्याकाळी पोचली की फोनवाली ताई मला कळवील. ते कळेपर्यंत माझा अर्धा जीव तिकडेच असतो.